सातबाऱ्यावर नसलेली माणसे

वऱ्हाडातील कित्येक गावांच्या नावाला ‘इजारा’ हा शब्द आजही जोडलेला आढळतो. 1853 साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर, पडीत जमिनी दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने ऐपतदारांच्या हवाली करण्यात आल्या, त्याची ती खूण होय. रान मोडून ते वहितीस आणणाऱ्या कुळाचा हक्क मात्र बराच काळ इजारदाराच्या मर्जीवर अवलंबून राहिला. जमिनीत भांडवल उतरते तेव्हा दप्तरी नाव कोणाचे लागते, हा प्रश्न त्यामुळे या प्रदेशाला नवा नाही.

नागपूर ते मुंबई या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापैकी सुमारे 97 किलोमीटर वाशीम जिल्ह्यातून जातात. मार्गपट्ट्याची रुंदी 120 मीटर धरली, तर दर किलोमीटरला 12 हेक्टर, आणि जिल्ह्यात साडेअकराशे हेक्टरांच्या आसपास जमीन त्यात गेली, असा हिशेब निघतो. प्रारंभी, 2016 मध्ये, सरकारने भूसंचयाची योजना मांडली होती: जमिनीच्या बदल्यात नवनगरातील विकसित भूखंड आणि दहा वर्षे वार्षिक रक्कम. जे नगर अद्याप वसलेच नाही त्यातील भूखंडावर पुष्कळ शेतकऱ्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि माझ्या मते ते त्यांचे शहाणपणच होते. 2017 पासून थेट खरेदीचा मार्ग खुला झाला; कायदेशीर मोबदल्यावर 25 टक्के अधिक धरून, सरकारी मूल्यदराच्या पाचपटीपर्यंत भाव मिळू लागला. त्या पैशांतून कोणी कर्ज फेडले, कोणी घर बांधले, कोणी दूरच्या शिवारात पुन्हा जमीन घेतली. हा लाभ नाकारणे अन्यायाचे ठरेल.

परंतु खरेदीखत हा दोन पक्षांतील करार असतो, आणि त्यावर सही होते ती खातेदाराची. पाच एकरांचे एक शेत डोळ्यांपुढे आणा. सातबारा एका भावाच्या नावे, तो नोकरीनिमित्त अकोल्याला. शेत ठोक्याने करतो दुसराच. गुढीपाडव्याला ठरलेला सालदार बैलांमागे राबतो. निंदणाला आणि सोयाबीन सोंगायला वस्तीतील बाया येतात. सोंगणीनंतर त्याच धुऱ्यावर कोणाच्या तरी शेळ्या चरतात. शेत विकले गेले की मोबदला एका खात्यात जमा होतो आणि फेरफार मंजूर होतो. ठोका तोंडी, साल तोंडी, मजुरीही तोंडीच. तेव्हा बाकीच्यांचे काही गेले, याचा दाखला तलाठ्याच्या दप्तरात कुठेच उरत नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्याने ही उणीव ओळखली होती. ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर चालते, आणि जे संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबत आलेले आहेत, अशा शेतमजुरांची, कुळांची व बटईदारांची कुटुंबेही त्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत घेतली. या विषयावर आपल्या देशात लिहिले गेलेले हे सर्वांत न्याय्य वाक्य आहे, असे मी मानतो. आणि राजीखुशीच्या खरेदीत त्याचाच प्रथम विसर पडतो, हे मला अत्यंत खेदकारक वाटते.

ज्याचे शेत मधोमध दुभंगले, त्याची अडचण आणखी निराळी. विहीर एकीकडे आणि पऱ्हाटी दुसरीकडे राहिली, की पांदणीने पाच मिनिटांत होणारी ये-जा जवळच्या बोगद्यापर्यंत वळसा घालून करावी लागते. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे आणि बैलबंडीलाही.

उद्या आणखी एखाद्या प्रकल्पाची मोजणी याच काळ्या रानात येईल. तेव्हा दस्त होण्याआधी ठोक्याने करणारे, सालदार आणि मजूर यांची यादी चावडीवर वाचली जावी आणि मोबदल्याच्या कागदाला जोडली जावी, असा ठराव जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने आजच करून ठेवावा, ही माझी विनंती आहे.