राईनपाडा ते फॉरवर्डचं बटण: विषयातून संशोधन प्रश्न कसा काढायचा?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रांना विषय विचारला की हमखास उत्तर येतं, 'सोशल मीडियाचा समाजावर होणारा परिणाम'. हा विषय झाला. प्रश्न अजून सापडायचाय. तो कसा शोधायचा, हे आपल्याच खान्देशातल्या एका घटनेवरून बघू.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्याआधी व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता!

मग 'व्हॉट्सॲपमुळे खून झाले' असा निष्कर्ष काढायचा का? थांबा. अफवा कितीतरी गावांत पोहोचली, हिंसा मोजक्याच ठिकाणी झाली. त्याच दिवशी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला तशाच संशयावरून जमाव जमला, पण पोलिसांनी त्या लोकांना वाचवलं. अफवा तीच, दिवस तोच, परिणाम वेगळा. तुलनात्मक अभ्यासाला ही चांगली जोडी वाटते, पण मालेगाव शहर आहे आणि राईनपाडा दुर्गम पाडा. म्हणजे पोलीस किती लवकर पोहोचतात, हा चलही हिशोबात धरावा लागेल.

दुसरा चल म्हणजे पूर्वग्रह. शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की फक्त तंत्राचं अज्ञान हे कारण पुरत नाही; विशिष्ट समाजांबद्दलचा आधीचा संशय मेसेजला खरेपणा देतो. भटक्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारायला सुरुवात केली. तो संशय स्मार्टफोनपेक्षा फार जुना आहे.

आता कंपनीचा उपाय बघा. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ माणसं बसायची. गणित करा: ५ × २५६ = १,२८०. म्हणजे एका खेपेतही मेसेज हजारावर लोकांकडे जाऊ शकतो. मर्यादेमुळे वेग कमी होतो, प्रसार थांबत नाही.

सरकारचा मार्ग वेगळा होता. २०२१ च्या आयटी नियमांनुसार, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला ते मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं. व्हॉट्सॲप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय. एकीकडे पाच माणसांचा जीव, दुसरीकडे पत्रकाराचा, आंदोलकाचा, तुमचा-माझा खासगी संवाद. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून तर यावर संशोधन हवं.

आता तोच विषय प्रश्नाच्या रूपात मांडू: 'साक्री तालुक्यातल्या आठवडे बाजाराच्या गावांत लोक अनोळखी माणसाबद्दलच्या मेसेजची खातरजमा कोणाकडे करतात: पोलीस पाटील, शिक्षक, की कोणाकडेच नाही?' जागा ठरली, माणसं ठरली, मोजायचं काय तेही ठरलं. फक्त मुलाखत घेताना लोकांचे ग्रुप उघडून बघायचा मोह टाळा. संमतीशिवाय एकही स्क्रीनशॉट घ्यायचा नाही. खासगीपणावर लिहिणाऱ्याने तो आधी पाळावा.