परळी वैजनाथ परिसरातील ऊसतोड कामगारांचे हक्क

परळी वैजनाथ तालुक्यासह बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात स्थलांतर करतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. कामगार राज्याची सीमा ओलांडतात, तर त्यांनी तोडलेल्या उसाची साखर बहुराष्ट्रीय कंपन्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे त्यांच्या हक्कांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वादाचा राहिला आहे.

कामाची पद्धत

कारखाने सहसा कामगारांशी थेट करार करत नाहीत. टोळ्या मुकादमामार्फत ठरतात. पती-पत्नीची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. हंगामापूर्वी मिळालेली 'उचल' प्रतिटन मजुरीतून फेडावी लागते. ती न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर जाते. आजारपणामुळे काम चुकल्यास 'खाड्या'चे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

कायदेशीर स्थिती

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ नुसार कंत्राटदाराला परवाना आवश्यक होता आणि कामगाराला विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता व निवारा देणे बंधनकारक होते. मात्र परळीहून कर्नाटकात गेलेली टोळी या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत असे; कोल्हापूर वा सांगलीला गेलेली टोळी येत नसे. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला. संहितेतील व्याख्येतही राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम आहे. उचलीपोटी सक्तीने काम करून घेण्यास वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रतिबंध करतो. कामगारांच्या कल्याणासाठी राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे.

आंतरराष्ट्रीय संदर्भ

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सक्तीच्या श्रमाविषयीच्या २९ क्रमांकाच्या कराराला भारताने १९५४ मध्ये मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीतील मानवी हक्कांचाही आदर करणे अपेक्षित आहे. परंतु ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील साखर वापरणाऱ्या शीतपेय कंपन्यांच्या पुरवठा साखळीतील या कामगारांच्या स्थितीकडे लक्ष वेधले. कारखाना मुकादमाकडे आणि खरेदीदार कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते. त्यामुळे टोळीची नोंदणी व लेखी करार हे कामगार संघटनांच्या मागण्यांच्या केंद्रस्थानी राहिले आहेत.