पाठ टेकल्यानंतर

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीचा निकाल समजण्यासाठी प्रेक्षकाला पंचांकडे पाहावे लागत नाही. मल्लाची पाठ मातीला लागली की तो चीत झाला. म्हणूनच खाली आलेला मल्ल पालथा पडून राहतो आणि वरचा मल्ल कब्जा घेऊन घिस्सा मारून त्याला उलटवू पाहतो. ज्यूदो आणि ब्राझीलमधील जुजुत्सू यांतील भेद समजून घेण्यास पाठीची हीच कसोटी उपयोगी पडते.

या दोन्ही विद्यांचे मूळ एकच आहे. जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून जपानच्या जुन्या जुजुत्सूतून ज्यूदोची रचना केली. त्या संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला गेले. तेथे त्यांच्याकडे शिकलेले कार्लोस ग्रेसी आणि त्यांचे धाकटे बंधू एलियो यांनी पुढे स्वतंत्र पद्धती वाढविली.

ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा न सोडता पाठीवर फेकले की सामना तेथेच संपतो. त्यामुळे ज्यूदोपटूचे लक्ष मुख्यत्वे उभ्याच्या झुंजीवर असते. जाकिटाची कॉलर व बाही धरून तो समोरच्याचा तोल ढळवितो आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला खांद्यावरून वा कमरेवरून टाकतो. आपल्या धोबीपछाडीशी याचे साम्य उघड आहे. मात्र आखाड्यात हाती येते ते कापड नव्हे, तर घामाने निसरडे झालेले अंग. एकेरी पटासाठी ज्यूदोत जागा उरलेली नाही, कारण उभ्याने झुंजताना पायाला हात घालण्यास आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2013 साली पूर्ण मनाई झाली.

ब्राझीलच्या पद्धतीत पाठ टेकल्यावर झुंजीला रंग चढतो. खालचा खेळाडू वरच्याच्या कमरेभोवती पायांचा विळखा घालतो, त्याला दूर राखतो आणि संधी मिळताच त्याचा हात कोपरात अडकवितो किंवा गळा आवळतो. स्पर्धेत पाडण्याला 2 गुण, पायांचा हा अडसर ओलांडण्याला 3, तर पाठीमागून पकड बसविण्याला 4 गुण मिळतात. येथे आपला मल्ल सवयीने पालथा वळला, तर तो आपली पाठ आणि गळा प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करील. कुस्तीत गळा आवळणे नाही. म्हणून ती सवय मातीत निर्धोक ठरते.

नियम बदलले की अंगवळणी पडलेले डावही पुन्हा तपासावे लागतात. खाशाबा जाधवांना 1948 साली लंडनमध्ये गादीवरील कुस्ती नवखी होती व तेथे त्यांना सहाव्या क्रमांकावर थांबावे लागले. हेलसिंकीचे कांस्यपदक 1952 साली मिळाले.

ज्यूदो आणि ब्राझीलची पद्धती यांची गाजलेली भेट 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओच्या माराकाना क्रीडागारात झाली. जपानचे विजेते मासाहिको किमुरा यांनी एलियोंना वारंवार फेकले. पण फेकीने निकाल लागणार नाही असे आधीच ठरले होते. दुसऱ्या फेरीत किमुरांनी जमिनीवर त्यांचा हात पाठीमागे पिरगाळला. एलियो शरण जाईनात, तेव्हा कार्लोस यांनी सामना थांबविला. त्या पिरगाळीला ब्राझीलच्या पद्धतीत आजही ‘किमुरा’ असेच म्हणतात.