‘शे’ ही ‘छे’ची उधारी नव्हे

धुळ्याच्या बाजारात वांग्यांच्या पाटीपुढे उभे राहून दोन माणसांचे बोलणे ऐका. “काय भाव शे?” “दोनशे शे.” “दोनशे? काल त दीडशे व्हता!” या एवढ्याशा बोलण्यात ‘शे’चा उच्चार पाच वेळा होतो आणि ऐकणाऱ्या खानदेशी माणसाचा एकदाही गोंधळ होत नाही. ‘दोनशे’ आणि ‘दीडशे’ यांतला शे म्हणजे शंभर. तो संस्कृत ‘शत’ आणि प्राकृत ‘सय’ यांच्यामार्गे आला. एकटा उभा असलेला शे म्हणजे ‘आहे’. त्याच्या जन्माबद्दल गेली कित्येक वर्षे मी एकच वाक्य ऐकत आलो आहे: “तुमचं ते ‘शे’ म्हणजे गुजरातीतलं ‘छे’च ना? गुजरात शेजारी पडतो तुम्हाला. अहिराणी म्हणजे मराठी आणि गुजरातीची खिचडी.”

पुण्याचे सोयरे लग्नात हे म्हणतात, मुंबईच्या कचेरीत सहकारी म्हणतात, आणि सगळ्यांत वाईट वाटते ते आपलीच शिकलेली मुले म्हणतात तेव्हा. लहानपणी निबंधात मी चुकून ‘माझे गाव नदीकाठी शे’ असे लिहिले होते. वहीत त्या शब्दाभोवती लाल गोल पडला आणि वर्गात सांगितले गेले की हा शब्द ना मराठी ना गुजराती, हा बिघडलेला शब्द आहे. प्रमाण मराठीच्या निबंधात ‘आहे’ हवे होते, हे मान्य. पण ‘बिघडलेला’ हे चूक होते आणि आजही चूक आहे.

आधी ‘छे’चेच मूळ पाहू. पालीत ‘अच्छति’ असे क्रियापद आहे आणि प्राकृतात ‘अच्छइ’. अर्थ बसतो, राहतो, असतो. राहण्यावरून असण्यावर अर्थ कसा गेला, हे मराठी माणसाला वेगळे समजावायची गरज नाही. “धाकटा कुठे असतो?” “नाशिकला असतो.” इथे ‘असतो’ म्हणजे राहतो. या ‘अच्छइ’ची लेकरे भारतभर पसरली आहेत. गुजरातीत छे, जयपूरकडच्या बोलीत छै, मैथिलीत अछि आणि छै, बंगालीत आछे, ओडियात अछि, नेपाळीत छ, कुमाऊँ-गढवालात छ, काश्मिरीत छु. आपल्या चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर बंजारा बोलीत छ. रॅल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात हे कुटुंब एका नोंदीखाली मांडलेले सापडते. प्रमाण मराठीतल्या ‘असणे’चे मूळही काही अभ्यासक याच ‘अच्छइ’त पाहतात.

आता मला सांगा, काठमांडूच्या माणसाने आणि श्रीनगरच्या माणसाने ‘आहे’ म्हणायला शब्द गुजरातकडून मागून आणला का? कोणी असे म्हणत नाही. मैथिलीला कोणी गुजरातीची खिचडी म्हणत नाही. मग खानदेशालाच का म्हणायचे? नकाशावर सुरत जवळ दिसते म्हणून? शेजार हा पुरावा नसतो. ‘शे’ आणि ‘छे’ बहिणी आहेत. बहिणी एकमेकींसारख्या दिसतात तेव्हा एकीने दुसरीचा चेहरा उसना घेतला असे आपण म्हणत नाही.

पुढचा प्रश्न येतो तो ‘छ’चा ‘श’ कसा झाला याचा, आणि इथे मराठी वाचकाने खरे तर स्वतःच्याच घरात डोकावावे. हिंदी-गुजरातीत जिथे छ ऐकू येतो तिथे जुन्या मराठीने जवळजवळ नियमाने स किंवा श केला आहे. हिंदीत मछली, आपल्याकडे मासा. गुजरातीत वाछरडुं, आपल्याकडे वासरू. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत छींक, मराठीत शिंक. कछुआ आणि कासव. पूछना आणि पुसणे. गुजरातीत छाण, मराठीत शेण, अहिराणीत शेन. छाती, छावणी असले शब्द मराठीत दिसतात ते पुढे हिंदीच्या वाटेने आलेले. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या आपल्या ग्रंथात हे ध्वनिबदल तपशिलाने मांडले, वा. गो. परांजपे यांनी तो ग्रंथ मराठीत आणला आहे, शंका असेल त्याने काढून वाचावा.

हा स पुढे इ किंवा ए आला की श होतो. हे तर रोजच्या बोलण्यातले. म्हैस, पण म्हशी. कूस, पण कुशीत. मग ‘छे’ या जुन्या रूपातला छ मराठीच्या वळणाने बदलला आणि पुढे ए असला, तर काय मिळेल? ‘शे’. ज्या वळणाने मासा, वासरू आणि शेण घडले त्याच वळणाचा हा शब्द. शेणाला आणि माशाला आपण कधी बिघडलेली गुजराती म्हणालो नाही.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. गुजरातच्याच मेहसाणा-पाटणकडच्या खेड्यांत आणि सौराष्ट्रात ‘छे’चा उच्चार ‘से’ असा ऐकू येतो. मग तिथला ‘से’च खानदेशात आला नसेल कशावरून? उत्तर शब्दाच्या रूपांत आहे. गुजराती माणूस ‘हुं छुं’, ‘तुं छे’, ‘अमे छीए’, ‘तमे छो’, ‘तेओ छे’ म्हणतो. पुरुष किंवा वचन बदलले की बहुतेक ठिकाणी रूपही बदलते. अहिराणीत मी शे, तू शे, तो शे, आणि अनेकवचन झाले की सगळ्यांना एकच: आम्ही शेतस, तुम्ही शेतस, त्या शेतस. हे ‘-तस’ कुठून आले? अहिराणीच्या स्वतःच्या चालीतून. मी करस, आम्ही करतस. तो खेळस, पोरे खेळतस. ‘शेतस’ त्याच साच्यातले आहे. ‘छुं’, ‘छीए’, ‘छो’ यांतले एकही रूप खानदेशात पोहोचले नाही. शिवाय माणसे शेजाऱ्याकडून वस्तूंची नावे घेतात, मिठाईची, कापडाची, हिशेबाची. ‘आहे’ हा शब्द असा सहज उधार घेतला जात नाही. तो बोलीच्या कण्यात असतो.

विरोधी बाजूचे लोक इथे ग्रिअर्सनचे नाव काढतात. काढू द्या, पण पूर्ण वाचून काढू द्या. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ने खानदेशी बोलीला मराठीच्या खंडात ठेवले नाही, हे खरे. तिला नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांबरोबर जागा दिली. तो भाग १९०७ साली निघाला. गुजराती-राजस्थानीच्या बाजूशी तिचे जुने नाते आहे आणि मराठीचा रंग तिच्यावर दाट चढला आहे, हे त्या मांडणीतून दिसते. पण नाते म्हणजे भेसळ नव्हे. ज्या सर्वेक्षणाने तिला स्वतंत्र शीर्षक दिले, तिचे व्याकरण आणि नमुने छापले, त्याचाच आधार घेऊन तिला खिचडी म्हणायचे, हे मला कधीच कळलेले नाही. जनगणनाही ‘खानदेशी’ हे शीर्षक मराठीपासून वेगळे धरते आणि त्याखाली अहिराणीची नोंद करते.

खिचडी म्हणण्याने काय होते तेही आकड्यांत दिसते, असे माझे मत आहे. २००१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे २०.७५ लाख होते, २०११ मध्ये ते सुमारे १८.६ लाखांवर आले. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागात या दहा वर्षांत माणसे कमी झालेली नाहीत. घरात ‘शे’ म्हणणारी माणसे कागदावर मात्र वेगळे सांगू लागली. लाल गोलाचा धाक असा दूरवर पोहोचतो.

एकदा शब्दांची नाती शोधायचा नाद लागला की दुसऱ्या टोकाचा गैरसमजही भेटतो: उच्चार सारखा म्हणजे मूळ सारखे. आयरिश भाषेत ‘शे’ म्हणतात, बंगालीत ‘शे’ म्हणतात, हिब्रूत ‘शे’ म्हणतात, म्हणून अहिराणी जगाची आई, असे छातीठोक सांगणारेही मला भेटले आहेत. अहिराणीवरच्या प्रेमापोटी बोलतात, म्हणून समजावून सांगतो. बंगालीत लिहितात ‘से’, बोलतात ‘शे’. अर्थ तो किंवा ती, आणि मूळ संस्कृत ‘सः’. हिब्रूतले ‘शे’ शब्दाला पुढून जोडतात, अर्थ ‘जो’ किंवा ‘की’. ती भाषा वेगळ्याच कुळातली. आयरिशमध्ये तर गंमत अशी की ‘शे’ म्हणजे ‘तो’, आणि ‘शे’ म्हणजे सहासुद्धा. या सहाचे आपल्या ‘षट्’शी, म्हणजे मराठी ‘सहा’शी, खरेखुरे दूरचे नाते आहे. ‘शे’ आणि ‘सहा’ कानाला किती वेगळे, तरी रक्ताचे. आणि आयरिश ‘शे’ नि अहिराणी ‘शे’ कानाला एक, तरी एकमेकांचे कोणी नव्हेत. कान हा व्युत्पत्तीचा साक्षीदार म्हणून कच्चा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यात १९२६ साली वारले आणि जिथल्या मंडळाने त्यांचा धातुकोश छापला, त्या धुळ्यात तरी शब्दांची नाती नुसत्या कानाने ठरू नयेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘शे’ बोलण्यात आदर नाही, असे म्हणतात. ‘तुम्ही शेतस’ मध्ये जेवढा आदर आहे तेवढाच ‘तुम्ही आहात’ मध्ये आहे.

अहिराणीला व्याकरण नाही, हे तर सरळ खोटे. वर शे-शेतस, करस-करतस पाहिलेच. शब्दसंपत्ती पाहायची तर डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश हातात घ्या.

अहिराणी फक्त अहिरांची, हेही नाही. नाव आभीर-अहिरांवरून आले असले तरी बोलणारे आज सर्व जातींत आहेत.

आणि बहिणाबाई चौधरी यांनी अहिराणीत लिहिले, हे तर भाषणांतून सारखे ऐकू येते. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, १८८० साली जन्मलेल्या, आणि त्यांची बोली लेवा गणबोली. या बोलीचा आणि अहिराणीचा शेजार आहे, पण त्या एक नव्हेत. खानदेश म्हटले की सगळीकडे ‘शे’च असणार, असे समजून रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाल तर लेवा घरांतून तुमच्या कानावर ‘शे’ पडणार नाही, ‘हाये’ पडेल. आणि तिथून वर सातपुड्यात चढलात की पावरी आणि भिली बोली सुरू होतात, त्यांचे ‘आहे’ आणखी निराळे.