एंजिनाला कोणता लेप चढवावा?

पावसाळा सरला की गोव्यापासून बेळगावपर्यंतच्या गॅरेजांतून एकच तक्रार ऐकू येते. चार महिने चिखल, ओल आणि किनाऱ्याकडे खारे वारेही सोसलेल्या मोटारसायकलींच्या चासीवर तांबूस डाग उमटलेले असतात, सायलेन्सरचा क्रोमचा मुलामा फुगून सुटलेला असतो, आणि मालक विचारतो, "हे सारे एकदाच पावडर कोटिंग करून का टाकू नये?" या प्रश्नाला सरसकट होकार देणारे कारागीर पुष्कळ भेटतात; आणि तो होकार ऐकून घरातील कष्टाचा पैसा अक्षरशः धुराबरोबर जातो. म्हणून या लेपांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हास अगत्याचे वाटले.

पावडर कोटिंग म्हणजे पातळ केलेला रंग नव्हे. त्यात थिनर मुळीच नसतो. पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी जातीची राळ, रंगद्रव्य आणि राळेला घट्ट करणारे द्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, दळून पिठासारखी पूड केलेली असते. फवाऱ्याच्या बंदुकीच्या टोकाशी ६० ते १०० हजार व्होल्टचा दाब असतो. त्याने पुडीचे कण विद्युद्‌भारित होतात आणि अर्थिंग दिलेल्या लोखंडाकडे ओढले जातात. केसांवर घासलेल्या फणीला कागदाचे कपटे चिकटतात, त्याच न्यायाने ही पूड लोखंडाला चहूबाजूंनी बिलगते. मग ती वस्तू भट्टीत घालून १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की पूड वितळून एकजीव होते व दहा ते वीस मिनिटांत कायमची घट्ट बसते. ही मिनिटे भट्टीतील हवा तापल्यापासून नव्हे, तर खुद्द धातू तितका तापल्यापासून मोजावयाची असतात. घाईच्या कारखान्यांत नेमकी येथेच चूक होते, आणि कच्चा राहिलेला थर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्र्यांनी निघतो. या विद्येचा उगम जर्मनीत झाला. एर्विन गेमर यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तापलेली वस्तू हवेने खदखदणाऱ्या पुडीत बुडविण्याची रीत काढली. विजेच्या फवाऱ्याची रीत त्यानंतरच्या दशकात रूढ झाली.

चासी, स्टँड, कॅरियर, एंजिनाची बाहेरची झाकणे यांना हा लेप उत्तम. उन्हात राहणाऱ्या वस्तूला मात्र पॉलिएस्टरची पूड मागावी; इपॉक्सीचा थर उन्हाने खडूसारखा पांढरा पडतो. थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, एवढी पुरे. हवेने थंड होणाऱ्या एंजिनाच्या पात्यांवर जो एकावर एक तीन थर चढवितो, तो त्या एंजिनाला वैशाखात गोधडी पांघरतो असे समजावे.

आता सायलेन्सरकडे येऊ. एंजिनातून निघणारा धूर पूर्ण जोरावर असताना ७०० ते ८०० अंशांचा असतो, आणि सिलिंडरला लागूनच असलेला बेंड पाइप त्याचा पहिला तडाखा सोसतो. दोनशे अंशांत शिजलेली राळ तेथे कशी टिकावी? नेहमीची पूड त्या पाइपवर प्रथम पिवळी पडते, मग करपते, फुगते आणि दुर्गंधी सोडीत गळून जाते. सिलिकोनयुक्त खास पुडी सुमारे ५०० अंशांपर्यंत तग धरतात, पण दुकानदार देत असलेली पूड त्याच जातीची आहे काय, हे डबा पाहिल्याशिवाय मानू नये.

अशा जागेसाठी सिरॅमिक लेप असतो. पण एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि येथेच भोळा गिऱ्हाईक फसतो. पहिली वस्तू म्हणजे गाडीच्या रंगावर चकाकीसाठी चोळतात ते पातळ द्रव. त्याचा एंजिनाशी काहीएक संबंध नाही. दुसरी म्हणजे सिलिकोनसारख्या आधारद्रव्यात सिरॅमिकची वस्त्रगाळ भुकटी मिसळून बंदुकीने मारावयाचा आणि भट्टीत भाजावयाचा लेप. तो पुडीच्या थराहूनही पातळ असतो आणि बेंड पाइपवर जो मिळतो तो बहुधा हाच. जातीनुसार तो ७०० ते १००० अंशांपर्यंत टिकतो. तिसरी वस्तू खरीखुरी सिरॅमिक : झिर्कोनियाची भुकटी विजेच्या ज्वालेत वितळवून धातूवर वेगाने मारतात. झिर्कोनिया सुमारे २७०० अंशांवर वितळते आणि उष्णता अत्यंत मंद वाहते. विमानांच्या जेट एंजिनांतील पाती याच लेपाच्या आधाराने जळत्या वायूत तग धरतात. ते काम खर्चाचे, मोठ्या यंत्रांचे. गावच्या गॅरेजात कोणी त्याचे नाव सांगू लागला तर सावध राहावे.

उष्णता आत कोंडून ठेवली तर एंजिनाची शक्ती वाढेल, ही कल्पना मोठी मोहक आहे. अमेरिकेत कमिन्स कंपनी आणि तेथील लष्कर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून डिझेल एंजिनाच्या आतील भागांना सिरॅमिकने मढवून पाहिले. वाचविलेल्या उष्णतेचा मोठा भाग शक्ती न होता धुरावाटे निघून गेला; शिवाय आतील भिंती सतत तापलेल्या राहिल्याने आत येणारी हवा फुगून विरळ होई. या अडचणीवर टोयोटाने २०१५ साली आपल्या १जीडी डिझेल एंजिनात चतुर तोड काढली. पिस्टनच्या माथ्यावर सिलिकायुक्त सच्छिद्र असा अतिशय पातळ थर दिला, जो स्फोटाच्या क्षणी लगेच तापतो आणि नवी हवा येताना तितक्याच लवकर निवतो. हे एंजिन घेऊन फॉर्च्युनर गाड्या आपल्याही रस्त्यांवरून धावल्या. परंतु जे मोठ्या प्रयोगशाळांना इतक्या कष्टाने साधले, ते आपल्या जुन्या मोटारसायकलीच्या पिस्टनवर बंदुकीच्या एका फवाऱ्याने साधेल, असे आम्हास वाटत नाही. तो पैसा वाचवावा. बेंड पाइपवरील लेपाचे काम वेगळे : गंज थांबतो, पाय भाजण्याचे भय कमी होते, आणि धूर गरमच पुढे गेल्याने तो शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही लवकर कामाला लागतो.

लेप कोणताही असो, निम्म्याहून अधिक काम त्याच्या आधीचे असते. तेलाचा अंश राहिला तर पूड धरत नाही. बेअरिंगच्या बैठका, आटे आणि गॅस्केटचे सपाट भाग झाकून घ्यावेच लागतात. नटाखाली जाड थर राहिला तर तो दाबाने हळूहळू चेपतो आणि घट्ट आवळलेला नट आठवड्याभरात सैल पडतो. चाकाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. ॲल्युमिनियमच्या रिमला भट्टी जपूनच दाखवावी, कारण ज्या उष्ण संस्कारांनी तो धातू बळकट केलेला असतो, त्यांच्यापेक्षा अधिक ऊब वारंवार मिळाली तर तो नरम पडतो. चासीला तडा गेला असेल तर तो लेपाखाली सुंदर रीतीने लपतो. म्हणून पत्रा उघडा झाल्यावर, पूड मारण्यापूर्वी, मालकाने स्वतः जाऊन सांधे पाहावेत. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

या धंद्यात काम करणाऱ्या मुलांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. जुना रंग व गंज काढण्यासाठी दाबाच्या हवेने वाळू मारतात, तेव्हा तिचे कण फुटून जी धूळ उडते ती फुप्फुसात कायमची रुतते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. इंग्लंडात अशा कामी वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनीच बंदी झाली. वाळूऐवजी गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा पोलादी कण वापरता येतात. बंद पेटी आणि शुद्ध हवेचा मुखवटा तरीही हवाच. आपला मुलगा अशा कारखान्यात उमेदवारीला ठेवणाऱ्या आईबापांनी पगाराआधी हे विचारावे. नाकाला बांधलेला रुमाल म्हणजे मुखवटा नव्हे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच लेपाने होत नाही. सायलेन्सर पुष्कळदा आतून कुजतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी बाजारापर्यंत जाऊन लगेच परतली तर पाइप पुरता तापत नाही, आणि ती वाफ आतच निवून पाणी होते. त्या पाण्यात धुरातील आम्ल मिसळते. म्हणून बहुतेक सायलेन्सरांच्या तळाशी ते निथळण्यासाठी बारीकसे छिद्र ठेवलेले असते. अनेक कारागीर ते फुटके समजून बुजवितात किंवा लेपाने भरून टाकतात. गाडी घरी आणण्यापूर्वी वाकून ते छिद्र उघडे आहे ना, एवढे पाहून घ्यावे.