दंगल न झालेल्या गावाचा अभ्यास

मुक्ताईनगरात राज्यशास्त्र म्हटलं की आधी निवडणूक आठवते. इथल्या पूर्वीच्या एदलाबाद मतदारसंघाच्या माजी आमदार प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात त्या राज्यशास्त्रच शिकल्या होत्या. या विषयाची आणखी एक शाखा मात्र आपल्याकडे फारशी परिचित नाही. माणसं एकमेकांवर का उठतात आणि एकत्र कशी नांदतात, याचा शोध घेणारी ही शाखा म्हणजे शांतता व संघर्ष अभ्यास.

नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभारली आणि या विषयाला स्वतंत्र रूप आलं. मारामारी थांबली एवढ्यावर शांतता नांदते असं म्हणता येत नाही, असं ते सांगत. एखाद्या वस्तीला पाणी, रोजगार, न्याय नाकारला जात असेल, तर तीही हिंसाच.

या अभ्यासाची सामग्री खान्देशात आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी तीनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या जळगावात जाळपोळ झाली, चाळीसहून अधिक जीव गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या घटनांची चौकशी केली. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण दगावले. बिलावरून भांडणं रोजच होतात. त्यातल्या एखाद्याचीच दंगल का होते, इथून अभ्यासकाचं काम सुरू होतं.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढसमोर कालिकत ठेवलं. व्यापारी संघटना, कामगार संघटना, पक्ष यांत हिंदू आणि मुस्लिम हे दोन्ही समाज एकत्र असतील, तर अफवेला आळा बसतो, असं त्यांना दिसलं. भिवंडीही बदलली. १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या मोहल्ला कमिट्या बांधल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

अशा अभ्यासाच्या वाटेवर राज्यशास्त्रात एम.ए., मग नेट किंवा सेट आणि पीएच.डी. असे टप्पे येतात. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये या विषयाचं नेल्सन मंडेला केंद्र आहे. जळगावात २०१२ मध्ये गांधीविचारांच्या अभ्यासाचं गांधीतीर्थ सुरू झालं. पुढे अध्यापन, संशोधन संस्था, मानवी हक्कांचं काम, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अशी क्षेत्रं खुली होतात. पदवीइतकीच सवयही महत्त्वाची. आयोगाचे अहवाल, जबान्या, जुनी वर्तमानपत्रं चिकाटीनं वाचावी लागतात. दोन्ही बाजूंच्या ओसरीवर बसून ऐकावं लागतं आणि विश्वासानं बोललेल्यांची नावं जपावी लागतात.

सुरुवात गावातूनही करता येते. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, विहिरीच्या पाळीचा, वाटणीचा तंटा गावच्या तंटामुक्त समितीपुढे मिटला अशी नोंद होते. तो न्यायानं मिटला की दुबळ्यानं माघार घेतली म्हणून, हे मात्र कुणीतरी जाऊन विचारावं लागतं. दंगलीची चौकशी करायला आयोग नेमला जातो. दंगल न झालेल्या गावासाठी कुणी आयोग नेमत नाही, म्हणून ते गाव कसं टिकलं हे समजून घ्यायला अभ्यासक हवेत. खान्देशातल्या महाविद्यालयांनी ते घडवायला हवेत, कारण इथली बोली आणि इथली भाऊबंदकी जाणणारा विद्यार्थी त्यांच्याच वर्गात बसलेला आहे.