भांडणाची वळणं ओळखताना

जोडप्यांच्या समुपदेशकाला निवाडा द्यायचा नसतो. दोघांचा वाद कोणत्या वळणाने चिघळतो, ते हेरायचं असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंची भांडणं चित्रित करून अभ्यासली. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि अबोला ही चार लक्षणं त्यांना घातक वाटली. त्यांतही तुच्छता सर्वांत वाईट.

म्हणून नवशिक्या समुपदेशकांकडून सराव करून घेतला जातो तो वाक्यांचा. ‘तुला घराची फिकीरच नाही’ऐवजी ‘तू उशिरा आलास की मला एकटं वाटतं’. एकाने बोलायचं, दुसऱ्याने तेच आपल्या शब्दांत सांगायचं. डोकं तापलं, तर निदान २० मिनिटं थांबायचं.

मारहाणीची शंका आली, तर दोघांशी वेगवेगळं बोलणं आवश्यक.

भारतात १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही समुपदेशकांची तरतूद आहे.